गोळी झाडू न देणारा गाइड

परवा एका नवीन क्लायंटच्या मेलमध्ये पहिलाच प्रश्न होता, या आउटफिटरचा, म्हणजे शिकारीच्या ट्रिपा चालवणाऱ्याचा, सक्सेस रेट किती, म्हणजे शंभरातले किती जण शिकार मिळवून परततात, आणि माझ्या डोक्यात परत तीच केस फिरायला लागली, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, सरेला राहते, शिकारीच्या ट्रिपा बुक करून देणाऱ्या एका ऑफिसात काम करते. मूळची चंद्रपूरची. घरी फोन केला की आई हमखास विचारते, अस्वलं मारायला माणसं पाठवतेस होय गं? आमच्याकडे पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बायामाणसांवर अस्वल धावून जातं, तरी शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी. इथे काळ्या अस्वलाची शिकार परवाना घेऊन, सीझनमध्ये, कायदेशीर आहे, आणि मारलं तर खाण्याजोगं मांस जंगलातून बाहेर काढणं सक्तीचं. आईला हे पटवायचा नाद मी सोडलाय.

तर गाइड निवडायचा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. परदेशातून शिकारीला आलेल्यांना इथे साधारणपणे लायसन्सवाल्या आउटफिटरमार्फतच जावं लागतं, आणि प्रत्येक आउटफिटरचा इलाका सरकारने ठरवून दिलेला, तिथे दुसरा कोणी पैसे घेऊन गाइडिंग करू शकत नाही. म्हणजे माणूस निवडला की डोंगर, रस्ते, अस्वलं सगळं त्याच्याबरोबर आलं. शिवाय फोनवर गोड बोलतो तो आउटफिटर, जंगलात तुमच्याबरोबर चालतो तो त्याचा असिस्टंट गाइड, तो बहुतेक वेळा वेगळाच कोणीतरी असतो, आणि त्याचं नाव बुकिंगच्या आधी विचारणारे क्लायंट फार कमी. मी विचारते. एका गाइडमागे शिकारी किती, अस्वल नुसतं जखमी होऊन पळालं तर ट्रिप संपली असं धरता का (बहुतेक जण धरतात, आणि धरायलाच पाहिजे), गाडीतून किती फिरवता आणि चालवता किती, हे सगळं लेखी घेते. आणि रेफरन्स मागताना मागच्या सीझनला रिकाम्या हाताने परत गेलेल्यांचे नंबर मागते. खूश झालेल्या माणसांचे नंबर कोणीही देतो, त्यांच्याशी बोलून काही कळत नाही.

ओहायोचे एक रिटायर्ड शिक्षक आले होते, गुडघा बदललेला, व्हँकुव्हर बेटावर मे महिन्यात जायचं होतं. दोन आउटफिटर निघाले. एकाची वेबसाइट झकास, सक्सेस रेट पंच्याण्णव टक्के, रिकाम्या हाताने गेलेल्यांचे नंबर मागितले तर म्हणे असं कोणी नाहीच. दुसरा मेलला चार-चार दिवस उत्तर न देणारा, पण नंबर मागितल्याबरोबर त्याने दिले. त्यातल्या एकाला फोन केला तर तो म्हणाला, अस्वल नाही मिळालं पण ह्याच्याबरोबर परत जाईन. मी दुसरा सुचवला, सरांनी तोच घेतला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सापडलं. तोड झालेल्या जंगलात, म्हणजे आमच्याकडच्या कुपासारख्या उघड्या जागेत, जुन्या लॉगिंग रोडवर कोवळं गवत आणि क्लोव्हर उगवलेलं, त्यावर एक अस्वल चरत होतं. ह्या शिकारीत कुत्री वापरत नाहीत आणि आमिषही नाही, आमिषाला तर प्रांतातच बंदी, दुर्बिणीने हेरायचं आणि वारा बघून पायी जवळ जायचं. दोघं दीडशे यार्डांवर पोचले, रायफल टेकवायच्या स्टिकवर, सेफ्टी काढलेली. आणि गाइडने स्कोपवर, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीवर, हात ठेवला.

त्याचं म्हणणं असं की अस्वल मोठं होतं पण तोंड लांबट आणि निमुळतं, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून कडेच्या एकाच झाडाकडे बघत होतं. मादी चरायच्या आधी पिल्लांना झाडावर चढवून ठेवते. दोन वर्षांखालच्या पिल्लाला मारणं किंवा त्याच्या सोबतच्या अस्वलाला मारणं, दोन्ही इथे गुन्हा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत जन्मलेलं पिल्लू मेमध्ये आईशिवाय जगणार कसं? सरांचं म्हणणं, पिल्लू दिसलंच नाही. वीसेक मिनिटांनी अस्वल झाडीत गेलं आणि संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडने चिखलातला एक लहान पंजा दाखवला, सर म्हणाले हा कधीचाही असू शकतो. फोटो मला पाठवला होता, शेजारी काडेपेटी ठेवलेली, पंजा जेमतेम काडेपेटीएवढा, पण कडा पावसाने विरघळलेल्या. मलाही सांगता येणार नाही तो कधीचा.

उरलेले दोन दिवस पाऊस आणि धुकं. सर रिकाम्या हाताने घरी, आणि तिसऱ्या दिवशी रिफंडची मागणी. करारात गॅरंटी कुठेच नव्हती, आउटफिटरने पैसे दिले नाहीत, पण पुढच्या मेमध्ये अर्ध्या पैशात या म्हणाला. आमच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं की ह्याला लिस्टमध्ये खाली टाक, क्लायंटला ट्रिगर ओढू न देणारा गाइड विकायला त्रास होतो. मी टाकलं नाही आणि टाकणार नाही. माझ्या मते त्या संध्याकाळी गाइडने जे केलं ते करता येणारे गाइड थोडे, कारण बाजूला हजारो डॉलर भरलेला माणूस श्वास रोखून बसलेला असताना, टिप बुडणार हे माहीत असताना, हातात पुरावा काहीच नसताना थांबवायचं असतं. दिसलेल्या पिल्लासाठी कोणीही थांबेल. पंच्याण्णव टक्केवाल्याच्या गाइडने थांबवलं असतं का, ह्याचं उत्तर त्या आकड्यात नाही, आणि लोक तोच आकडा विचारतात.

मागच्या महिन्यात मी सरांना फोन करून विचारलं, तुमचा नंबर रेफरन्स म्हणून देऊ का? बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले दे, पण मी घडलं तसंच सांगणार. म्हटलं तसंच सांगा. मग एका क्लायंटला पहिला नंबर त्यांचाच दिला. दोघं बराच वेळ बोलले. सरांनी गाइडचं म्हणणंही सांगितलं, काडेपेटीजवळचा पंजासुद्धा सांगितला, आणि शेवटी म्हणाले की गाइड बरोबर होता की नाही हे मला अजून ठरवता येत नाहीये.

त्या क्लायंटने पंच्याण्णव टक्केवाला घेतला. कमिशन दोघांकडून सारखंच, त्यामुळे मालकांना काही वाटलं नाही.

आता मी आउटफिटरना पाठवायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवलाय, मागच्या सीझनला क्लायंटला गोळी झाडण्यापासून कधी थांबवलंत आणि का. बरेच जण ती जागा कोरी सोडून फॉर्म परत पाठवतात. परवाच्या मेलला उत्तर लिहिताना सक्सेस रेटच्या आधी हे उत्तर टाकलं, खाली सरांचा नंबर दिला. अजून रिप्लाय नाही.