पाणी वायरीच्या आतून येत होतं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरच्या विहिरीत कॅमेरा सोडून तळाचा गाळ आणि झरा बघायचा होता. कॅमेऱ्याची डबी, एलईडी, झाकणाची रबर रिंग एका रविवारात जमलं. पुढचे तीन आठवडे एका वायरीने खाल्ले.

दुकानदाराने केबल ग्लँड दिली, म्हणजे वायर डबीत शिरते तिथे तिला घट्ट आवळून पाणी अडवणारी बूच. "आयपी 68 आहे, बिनधास्त टाका" म्हणाला. आयपी 68 म्हणजे पाण्यात बुडवली तरी चालेल असा दर्जा. (किती मीटर, किती वेळ, हे कंपनी ठरवते, ते विचारल्याशिवाय घेऊ नका.) रात्री डबी 7 मीटर पाण्यात सोडली, सकाळी आत चमचाभर पाणी. ग्लँड आवळली. पुन्हा पाणी. आतून-बाहेरून सिलिकॉन थापलं. पुन्हा पाणी, शिवाय आतल्या सर्किट बोर्डावरचं तांबं हिरवं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, बंद डबीत ते तांबं खातं. असं आम्ल न सोडणारं, न्यूट्रल क्युअरच आणा. अशा तीन डब्या गेल्या. मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

शेवटी मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डबीतलं वायरीचं टोक सोललं आणि बाहेरच्या बाजूने वायर दाबत आणली. तांब्याच्या तारांच्या टोकावर टपोरा थेंब उभा राहिला. "अजी, ग्लँडीतून नाही, वायरीतून येऊन राहिलं पाणी!"

डबीपासून दोन मीटरवर मी टेप गुंडाळून जोड दिला होता. तिथून पाणी शिरायचं आणि तारांच्या फटींतून थेट डबीत उतरायचं. ग्लँड फक्त वरचं आवरण धरते, आतल्या वाटेवर तिचा काही इलाज नाही.

मग अखंड वायर घेतली. डबीच्या आत प्रत्येक तार सेंटिमीटरभर उघडी केली, फटी बुजाव्यात म्हणून तिच्यात सोल्डर मुरवलं, तारा एकमेकींना लागू न देता पाइपच्या तुकड्यात बसवून इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारा डिंक) ओतलं. पीव्हीसीला इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून आवरण पॉलिश पेपरने घासा. इपॉक्सी थोडं थोडं कालवा. मे महिन्यात वाटीतच तापून दगड होतं.

आणि डबी भर दुपारी बंद करू नका. 45 अंशांची हवा विहिरीच्या गार पाण्यात आकसते आणि डबी पाणी ओढायला लागते. मी पहाटे बंद करतो. हे आधीच सांगायला हवं होतं: पहिल्या रात्री बोर्ड घालूच नका, नुसता टिश्यू पेपर ठेवून दगड बांधून डबी बुडवा.

इपॉक्सीनंतरच्या सकाळी टिश्यू कोरडा करकरीत निघाला. त्याच दुपारी स्क्रीनवर, पूर्वेच्या कडेला, तळाची वाळू खालून उसळताना दिसली. आजोबा सांगायचे तो झरा अजून जिवंत आहे.