एका मारवेलाची दोन नावं

सासवडच्या पुढं एका बांधावर हे गवत सापडलं. तिथं गुरं राखणाऱ्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "मारवेल हाय, पण जरा येगळा." त्या "जरा येगळ्या"नं पुढं माझं दीड वर्ष खाल्लं.

मारवेल म्हणजे डायकँथियम ॲन्युलेटम. त्याचा जवळचा भाऊबंद बोथ्रिओक्लोआ. कणिशकाचा (तुऱ्यातल्या छोट्या फुलगुच्छाचा) बारीक देठ भिंगाखाली उजेडात धरायचा. मधोमध पारदर्शक पन्हळ दिसली तर बोथ्रिओक्लोआ, देठ भरीव असला तर डायकँथियम. माझ्या गवताच्या काही देठांना पन्हळ होती, काहींना नव्हती. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या शीट्स पाहिल्या आणि गोंधळ वाढलाच.

मग डीएनए. पानं सिलिका जेलमध्ये वाळवली, सीटॅब हे रसायन वापरून डीएनए काढला. (गवत कुटणं म्हणजे शिक्षा आहे, हात भरून येतात.) वनस्पतींच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जाती ओळखण्यासाठी, २००९ मध्ये मॅट-के आणि आरबीसीएल ही जनुकं सुचवली गेली, पण या भावकीत आरबीसीएल फारसा फरक दाखवत नाही. हरितलवकातला ट्रनएल-एफ हा डीएनएचा पट्टा वाचला, तो मारवेलाशी जुळला. सुटलो, वाटलं.

केंद्रकातल्या आयटीएस भागानं घात केला. डीएनए वाचल्याच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं, सी आणि टी ही डीएनएची अक्षरं एकमेकांवर चढलेली. नमुना दूषित झाला म्हणून फेकून दिला. नवा काढला, तेच. तिसऱ्यांदा पिपेट, पाणी, रसायनं सगळं बदललं. दोन महिने गेले. शेवटी मॅडम आलेख बघत म्हणाल्या, "घाण काय दर वेळी त्याच जागी पडते का रे?"

क्लोनिंग करून, म्हणजे आयटीएसच्या प्रती जिवाणूंत एकेक वेगळी वाढवून, आठ वसाहती वेगवेगळ्या वाचल्या: पाच मारवेलाकडच्या, तीन बोथ्रिओक्लोआकडच्या. गवतांत हरितलवक साधारणपणे आईकडून येतं, आयटीएस दोघांकडून. म्हणजे मारवेल आईकडून, बोथ्रिओक्लोआ बापाकडून. हार्लन आणि डी वेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच बोथ्रिओक्लोआ इंटरमीडियाला 'कंपायलोस्पीशीज' म्हटलं होतं, शेजाऱ्यांची जनुकं गोळा करत जाणारी जाती. त्यात या गवतांना फलनाशिवायही बी धरतं, त्यामुळं असा संकर वर्षानुवर्षं टिकतो. हे मी आधी वाचलंही होतं! तरी शिखरं दिसल्यावर पहिला संशय पिपेटवर.

शीटवर दोन नावांमध्ये संकराचं गुणिलेचं चिन्ह टाकलंय. आता ती डायकँथियमच्या कपाटात ठेवायची की बोथ्रिओक्लोआच्या, यावर मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही.