कोठारातली मिजेट परत मातीवर उतरवली (माझा अनुभव)

मिजेट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरी सगळ्यांना वाटलं की मी शेजाऱ्याच्या नातवाची खेळण्यातली गाडी दुरुस्त करतोय. 1930 च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेला हा प्रकार, एका माणसाची उघडी बुटकी रेसकार, चाकं बाहेर, आणि पळणार ती मातीच्या पाव मैलाच्या लंबगोल ट्रॅकवर, कायम डावीकडे वळत. क्लच नाही, स्टार्टर नाही, गिअर म्हणाल तर फक्त आत आणि बाहेर, म्हणजे इंजिन चाकांना जोडलेलं किंवा सुटलेलं, मधलं काहीच नाही. चालू करायची तर मागून पिकअप ट्रकने ढकलायची. हे आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे मग तिला गाडी का म्हणतात?"

मी मूळचा कोल्हापूरचा, काकाचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, ऑइल इंजिनच्या कामात हात काळे करतच मोठा झालो आणि नंतर नोकरीने इंडियानातल्या कोलंबसला आणून टाकलं. कोलंबस म्हणजे डिझेल इंजिनवाल्या कमिन्स कंपनीचं गाव, त्यामुळे इथे मराठी माणसं भरपूर, गणपतीत तर विचारूच नका. पण यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं की 1952 च्या इंडी 500 मध्ये, म्हणजे इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या रेसमध्ये, कमिन्सची डिझेल कार सगळ्यात पुढून, पोल पोझिशनवरून सुटली होती, ताशी 138 मैलांच्या स्पीडने क्वालिफाय होऊन. रेसमध्ये मात्र टर्बोच्या तोंडाशी ट्रॅकवरचा टायरचा कचरा अडकला आणि 71 लॅपनंतर संपलं सगळं. हा किस्सा मला शेजारच्या आजोबांनी सांगितला. रिटायर्ड टूलमेकर, कमी बोलणारा माणूस, त्यांनीच मला ब्लूमिंग्टनला शुक्रवार रात्रीच्या स्प्रिंट कारच्या (मिजेटची मोठी बहीण) रेस बघायला नेलं, तिथली लाल माती तीन धुण्यांत पण शर्टातून गेली नाही, आणि एकदा असंच त्यांच्या कोठारात ताडपत्री उचलून ही मिजेट दाखवली. बरीच वर्षं पडून होती. मला म्हणाले, इंजिन जाम आहे, बघतोस का?

इंजिन होतं फोर्डचं व्ही-एट सिक्स्टी. फोर्डने 1937 ला काढलेलं छोटं व्ही-एट, 136 क्युबिक इंच म्हणजे 2.2 लिटर, 60 हॉर्सपॉवर. रोजच्या मोठ्या गाडीत ते लोकांना मरतुकडं वाटलं, पण मिजेटवाल्यांना सोन्याची खाण सापडली, कारण खरं रेसिंग इंजिन म्हणजे ऑफेनहाउझर, ते महाग, आणि हे भंगारात स्वस्तात मिळायचं. फ्लॅटहेड आहे, म्हणजे वॉल्व ब्लॉकमध्येच बसलेले आणि वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. ते झाकण ॲल्युमिनियमचं, एका हेडला 17 स्टड, म्हणजे आटेवाले दांडे, सगळे लोखंडी, आणि इतक्या वर्षांत दोघांचं असं लग्न लागलेलं की सुटायचं नाव नाही.

मी काकाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बळ लावू नगंस लेका. तेल पाज आन् गप बस. लोखंड आपणहून सुटतंय." मग ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन अर्धं अर्धं करून रोज संध्याकाळी स्टडच्या मुळाशी आणि प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये सोडायचं, लाकडी हातोडीने हलकं टकटक करायचं आणि घरी जायचं, आठवडेच्या आठवडे दुसरं काही नाही. हेड निघाल्यावरसुद्धा पिस्टन जाम होतेच, क्रँकला लांब पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे, असं करत करत एका रविवारी ते फिरलं आणि आजोबांनी चक्क टाळी वाजवली.

पुढचा भाग मात्र वाईट होता. या इंजिनात जळालेला गरम धूर ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर येतो, म्हणून ब्लॉक तापतो आणि वॉल्वच्या सीटपासून (वॉल्व टेकतो ती कड) बोअरपर्यंत (पिस्टन सरकतो ते भोक) तडा जातो, हा त्याचा जन्मजात रोग. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मशीन शॉपवाल्याने ब्लॉकला चुंबक लावलं, वर चमकणारी लोखंडाची पूड टाकली, दिवे बंद करून जांभळा लाइट मारला आणि हिरवी रेघ उजळून निघाली, एका सीटपासून थेट बोअरमध्ये. एका दुकानात तर सरळ सांगितलं भंगारात घाला, दुसरा मिळत नाही तर आम्ही काय करू. पण बिडाला वेल्डिंग करायचं तर अख्खा ब्लॉक तापवावा लागतो आणि तो वाकडा व्हायची भीती, त्यामुळे आम्ही स्टिचिंग करून घेतलं, म्हणजे तड्याच्या रेघेवर ओळीने भोकं पाडायची, प्रत्येकात आटे पाडून पिन घट्ट करायची, पुढची पिन आधीच्या पिनला थोडी खाऊन बसते, मग वरून ठोकून घासून सपाट. काही तापवायचं नाही. त्या बोअरला लायनर, म्हणजे आतून नवी नळी, टाकला. खर्च किती झाला ते बायको हे वाचते म्हणून लिहीत नाही.

वॉल्व मात्र मी हातानेच घासले, पेस्ट लावून, काकाच्या पद्धतीने. सीटवर पेन्सिलने आडव्या रेघा मारायच्या, वॉल्व टाकून पाव वळण द्यायचं आणि उचलून बघायचं, एकही रेघ शिल्लक राहिली तर परत घासायचं. आजोबांना ही आयडिया इतकी आवडली की त्यांनी पेन्सिलच खिशात ठेवायला घेतली.

मग आला रंगाचा विषय, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त वादावादी इथेच झाली. बॉडी हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची, वर लाल रंग आणि 8 नंबर. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी आणि बारीक पॉलिशपेपर घेऊन शेपटीवर तळहाताएवढी जागा घासली. लालखाली पांढरा निघाला, त्याखाली निळा, आणि निळ्यावर ब्रशने काढलेला 27, हाताने, 2 ची शेपटी जरा जास्तच ऐटदार. ही गाडी कोणाची होती याचे कागद नाहीत, कारण रेसकारला रजिस्ट्रेशन नसतं, विकली की नवा मालक रंग मारतो आणि जुना इतिहास झाकला जातो. मग मी लायब्ररीत जाऊन जुन्या पेपरांची मायक्रोफिल्म चाळली, पण 27 नंबरच्या गाड्या ढिगाने, त्यातून काय कळणार. शेवटी जुन्या फोटोंचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांकडे एक फोटो सापडला, गडद रंगाची गाडी, 27 नंबर, आणि बॉनेटच्या झरोक्यांच्या ओळीत मागून तिसरा झरोका किंचित वाकडा ठोकलेला. आम्ही टॉर्च घेऊन कोठारात पळालो. आमचाही मागून तिसराच वाकडा.

मला वाटलं आता निळा रंग मारायचा, विषय संपला. आजोबा ठाम नाही म्हणाले. लाल 8 पण कोणीतरी पळवलीच ना, ती काय खोटी होती का? तर लाल तसाच ठेवला, ओरखड्यांसकट, नुसतं मेण लावलं, आणि तळहाताएवढी ती घासलेली जागा पण तशीच ठेवली. प्रदर्शनात आरशासारख्या चकचकीत गाड्या येतात ना, त्यांचे मालक ट्रॅकवर जायला घाबरतात, खडा लागेल म्हणून. मला आता त्या गाड्या बघवत नाहीत.

बाकीचं भराभर सांगतो. मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, त्याची तार नव्याने गुंडाळून आणली. हॅलिब्रँड कंपनीची मॅग्नेशियमची चाकं तडा दाखवणारा रंगीत द्रव टाकून तपासली, एकाला तडा होता, ते भिंतीवर लटकलं. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठं असतं, गाडी आपोआप डावीकडे वळावी म्हणून, त्यामुळे अंगणात सरळ ढकलत न्यायची म्हटली तरी ती गुलाबाच्या वाफ्यात शिरायची. रोलबार चॅसिसला वेल्ड न करता नुसता बोल्टने लावला. मिथेनॉल नको म्हटलं, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही आणि जुने कार्बोरेटर खाऊन टाकतं, पेट्रोलच बरं.

एका पाव मैलाच्या ट्रॅकवर रेसच्या आधी जुन्या गाड्यांना शर्यत न लावता नुसते काही लॅप मारू देतात, तिथे उतरवली. आजोबांना डॉक्टरने मनाई केलेली, म्हणून सीटवर मी. पाय फाकवून बसायचं, मधून प्रॉपेलर शाफ्टची नळी जाते, ब्रेकचा दांडा बॉडीच्या बाहेर, आणि टाकीत प्रेशर धरायला हातपंप. मागून ट्रकने धक्का दिला की लगेच स्विच टाकायचा नाही, आधी इंजिन नुसतं फिरू द्यायचं, ऑइल प्रेशरचा काटा उठला की मग मॅग्नेटो ऑन. काटा उठला, स्विच टाकला, आणि जो आवाज झाला त्याने माझ्या तोंडून आईचंच नाव निघालं. टँकरने नुकतंच पाणी मारलेलं, चिकणमाती पुढच्या चाकावरून सरळ गॉगलवर. वळणात शेपूट बाहेर जाते तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे धरून डावीकडे वळायचं असतं, डोक्याला पटत नाही पण बुडाला लगेच कळतं.

रात्री काकाला व्हिडिओ पाठवला. वाटलं शाबासकी देईल. त्याने ऐकला, परत ऐकला आणि म्हणाला, "भारी हाय, पर एक सिलिंडर मरतोय बघ तुझा." आजोबांना सांगितलं तर ते हसले, आठ हजार मैलांवरून फोनवर काय कळतंय म्हणे. सकाळी प्लग काढले. डाव्या बाजूचा मागचा प्लग काळा आणि ओला.