१४ नग, मोजून

परवा इथे शिकागोत ग्रंथालयात माझं पेन काढून घेतलं आणि हातात पेन्सिल ठेवली. मोडीतली बखर मागितली असती तर समजू शकले असते. मी मागितली होती चित्रकथा.

ख्रिस वेअर हा शिकागोच्याच परिसरात राहणारा चित्रकार. त्याचं २०१२ चं 'बिल्डिंग स्टोरीज' म्हणजे चक्क खोका आहे, आपला 'व्यापार' यायचा ना, तसा. आत १४ सुटे नग: वर्तमानपत्रासारखा एक, घडीचा जाड पुठ्ठा, चिंचोळ्या पट्ट्या, लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासारखं काही. आधी काय वाचायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी एकेक नग माझ्यासमोर मोजला, लिहिला, सही घेतली. परत देताना पुन्हा मोजणार म्हणे. संतापच आला. मी काय पानं पळवणार आहे? आमच्या नाक्यावरच्या लायब्ररीत चांदोबा नेताना कुणी मोजदाद केली नाही. (केली असती तर निम्मी पानं भरली नसती, ते सोडा.)

मी चित्रकथांचा कोर्स घेतला तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "कॉमिक वाचायला फी भरलीस?" मी म्हटलं, या वेअरवर अभ्यासकांचं अख्खं पुस्तक आहे, २०१० चं, म्हणजे हा खोका बाजारात यायच्याही आधीचं. त्यातून त्यांचं समाधान झालं नाही. माझंही वर्गात जाईपर्यंत झालं नव्हतं. वर्गात कुणी वेअरचं पान इमारतीच्या नकाशासारखं वाचतं, कुणी खोक्यातल्या गोष्टीच्या नायिकेच्या कृत्रिम पायापासून सुरुवात करतं. मला पटलं ते स्मरणाबद्दलचं: आठवणींना ठरलेला क्रम नसतो, तसा या खोक्यालाही नाही. आम्ही प्रत्येकाने खोक्यातून हाताला लागेल ते आधी वाचलं होतं. मला ती नायिका आधी लेकीची आई म्हणून भेटली, वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाला आधी एकटी, भाड्याच्या खोलीत रडणारी. त्याला तिचं लग्न सुटकेसारखं वाटलं. मला तिचं ते एकटेपण आधीच्या घरातल्या सामानासारखं, मागे राहिलेलं.

'जिमी कॉरिगन' या त्याच्या आधीच्या पुस्तकात १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात बाप मुलाला सोडून निघून जातो. मी हात वर करून सांगितलं, त्याच वर्षी, याच शहरात विवेकानंद बोलले. संबंध? काही नाही. प्राध्यापकांनी नम्रपणे मान हलवली. मग शि. द. फडणीसांची मुखपृष्ठंही काढलीच मी फोनवर. एक शब्द नाही आणि हसू आवरत नाही. आपल्याकडे यांच्यावर असे किती प्रबंध होतात, हा प्रश्न मात्र मी तिथे मोठ्याने विचारला नाही. आपल्याला हसायला प्रबंध लागत नाही, असं मनात म्हणून घेतलं.

खोका परत दिला. बाईंनी मोजले. १३ भरले.

माझ्या घशाला कोरड. त्यांनी काही न बोलता वर्तमानपत्राची घडी उलगडली. एक पट्टी आत अडकली होती. "हे नेहमीचंच आहे," त्या म्हणाल्या आणि पुण्याहून आणलेलं माझं रेनॉल्ड्सचं पेन परत दिलं.