काराबा पाणी उचलेना

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, सेनेगल नदीच्या काठी, दागाना शहराच्या पुढे एका गावात भातशेतीचा डिझेल पंप हवा धरत होता, म्हणून मला बोलावलं होतं. मी सर्व्हिस इंजिनीयर, मूळचा सांगलीकडचा. उपसा योजना आणि तिच्यावरून होणारी भांडणं दोन्ही लहानपणापासून बघितलेली. गावानं पंपाचं बारसं आधीच उरकलं होतं. केसिंगवर खडूनं लिहिलेलं : ‘काराबा’. डिझेल पिते, वर्गणी गिळते आणि उन्हाळी भात पोटरीत आलं की रुसते, म्हणून.

काराबा म्हणजे किरिकू नावाच्या टीचभर पोराच्या गोष्टीतली चेटकीण. 1998 साली फ्रेंच दिग्दर्शक मिशेल ओसेलो यांनी या गोष्टीवर चित्रपट केला. ओसेलोंचं बालपण गिनीत गेलेलं, पोरांचे आवाज सेनेगलच्या राजधानीतले, डाकारचे, संगीत इथल्याच यूसू न्दूर या गायकाचं. त्यामुळे इथली माणसं त्याला आपलाच मानतात.

पंप सुरू व्हायचा, थोडा वेळ झकास चालायचा, मग धार तुटायची आणि पाणी उचक्या देत यायचं. बंद केला की प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात भरून ठेवावं लागणारं पाणी, गेलेलं. ग्लँडची, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती हवा-पाणी अडवणारी, दोरी मिस्त्रीनं नुकतीच बदललेली. पंपाची ओढ दाखवणारा व्हॅक्यूम गेज फुटका. सोसायटीचे पुढारी म्हणत होते, पंपच भिकार आहे, नवा द्या. म्हातारे म्हणत होते, नदी खाली गेली. नदी चांगली भरलेली समोर दिसत होती, पण ते असो. सक्शन पाइप बाहेर ओढून बघायचा तर आठ-दहा माणसं हवीत, आणि ती दुपारच्या नमाजानंतर येणार. आम्ही कडुनिंबाखाली बसलो. चहा उकळायला लागला. इथला चहा तीन फेऱ्यांचा, घाईच्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये.

मिस्त्रीची आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “तोंतों (म्हणजे काका), तुम्हाला काराबा माहीत नाही?” आणि तिनं अख्खी गोष्ट उभं राहून, हातवारे करत सांगितली. किरिकू आईच्या पोटातूनच ओरडतो, “आई, मला जन्म दे!” आई शांतपणे म्हणते, पोटातून बोलणारं पोर आपलं आपण जन्मतं. तो रांगत बाहेर येतो आणि स्वतःचं नाव सांगतो. बाप कुठे? काराबाशी लढायला गेला, तिनं खाल्ला. काका? तेही गेले. उरलेला एक आत्ताच निघालाय. टीचभर किरिकू त्याच्या मागे धावतो, टोपीखाली लपतो आणि त्याचा जीव वाचवतो.

मला त्यात सगळ्यात खरे वाटले ते गावकरी. पोरानं वाचवलं की त्याच्या नावानं गाणं म्हणतात, आणि घटकाभरानं पुन्हा ‘गप बस, लहान आहेस’. गावचा झरा आटलेला, सगळे म्हणतात काराबाचा शाप. किरिकू एकटा बिळात शिरतो, तर आत एक जनावर पाणी पिऊन पिऊन फुगलेलं. तापलेल्या सळईनं तो ते फोडतो. पुढे डोंगरावरचा आजा त्याला सांगतो की झरा काराबानं आटवलाच नव्हता, तिनं फक्त लोकांच्या भीतीचा फायदा घेतला. माणसंही ती खात नाही, त्यांच्या लाकडी बाहुल्या करून राबवते. आणि तिच्या पाठीत एक विषारी काटा रुतलेला आहे, पुरुषांनी मुद्दाम टोचलेला. बाकी सगळे तिला मारायला निघतात. ती दुष्ट का आहे, हे विचारणारा हा एकटा.

कोपऱ्यात बसलेली आजी मध्येच कुरकुरली. मिस्त्रीनं सांगितलं, तिला हे गोड पोर पसंत नाही, पण दिवसाउजेडी ती स्वतः गोष्ट सांगणार नाही. तसं करायचं नसतं.

चारनंतर माणसं आली. दोर लावून पाइप ओढला, तर पाइपाच्या तळाच्या झडपेची, म्हणजे फुटव्हॉल्व्हची, जाळी पाणगवताच्या मुळांनी गच्च भरलेली. 1986 साली दियामाचं धरण झालं, समुद्राचं खारं पाणी वर यायचं थांबलं आणि तेव्हापासून हे टायफा गवत नदी-कालव्यांत माजलंय. जाळी तुंबल्यानं पंपाला ओढ जास्त लागायची आणि तो ग्लँडमधून हवा खेचायचा. वर झडपेखाली बोटभर मूळ अडकलेलं, म्हणून बंद पंपातलं पाणी खाली उतरून जायचं. मिस्त्रीनं ते मूळ उपटून पुढाऱ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, “हे घ्या, काराबाचा काटा!” पुढारी हसले नाहीत. नवा पंप हुकला होता. दिवे लागायच्या आत पाणी पाटात पडलं.

रात्री आजीनं गोष्ट सुरू करायची हाळी दिली, “लेबोन!” पोरांनी एका आवाजात ठरलेलं उत्तर दिलं, “लप्पोन!” तिच्या गोष्टीतलं पोरही पोटातून बोलत होतं आणि आपली नाळ आपणच कापत होतं. पण पुढे ते थोरामोठ्यांना सळो की पळो करतं, भल्याबुऱ्याची चाड नाही, स्वतःच्या घरचं वाटोळं करतं. अशी अचाट पोरं पश्चिम आफ्रिकेच्या लोककथांत पुष्कळ आहेत. किरिकू हा त्यांच्यातला शहाणा भाऊ. खरं सांगायचं तर मला आजीचं पोर जास्त आवडलं, पण पाहुण्यानं असं बोलायचं नसतं.

मुलीची तक्रार वेगळीच होती. किरिकू काराबाचा काटा दातांनी उपटतो इथवर ठीक; मग तो तिच्याकडे पापा मागतो आणि एकदम उंच, धिप्पाड बाप्या होतो, हे तिला साफ नामंजूर. “मोठाच व्हायचं होतं तर एवढं सगळं लहानपणी कशाला केलं?” तिनं आजीला विचारलं. आजी म्हणाली, तो सिनेमावाल्यांचा प्रश्न आहे, मला विचारू नकोस.