प्रस्थानाआधीचे तीन दिवस

२०२५ साली ज्येष्ठ वद्य अष्टमी १९ जूनला, गुरुवारी आली होती. माउलींची पालखी याच तिथीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि तुकोबारायांची पालखी आदल्या दिवशी, म्हणजे सप्तमीला, देहूहून निघते, हे आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे; तरी त्या वर्षी मी पंचांग हाती येताच तारखांवर लाल खूण केली, कारण माझ्या सासूबाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पायी वारीला निघणार होत्या. सासरे होते तोवर दरवर्षी ते जात आणि त्या मागे घर, म्हैस आणि पेरणी सांभाळत. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच आषाढात त्या मला म्हणाल्या, "पोरी, आता माझा नंबर. तू येशील का संगं?" मी तीन आठवड्यांची रजा मागून घेतली आणि तयारीला लागले.

वारीत एकदा दिंडीत शिरलो की जेवण, मुक्काम, सामान, सोबत या सगळ्याची काळजी दिंडी घेते. पण दिंडीपर्यंत पोहोचायचे ते आपले आपणच. घरातून निघाल्यापासून प्रस्थानाच्या रात्रीपर्यंतचे तीन दिवस ज्याने नीट ठरवले नाहीत, तो थकलेल्या पायांनी आणि अपुऱ्या झोपेने वारी सुरू करतो, आणि आळंदी ते पुणे हा पहिलाच मोठा टप्पा त्याला जड जातो. म्हणून मी इथे वाटेविषयी न लिहिता वाटेच्या अलीकडच्या त्या तीन दिवसांविषयीच लिहिते आहे.

तिथीचा हिशेब आधी करावा, कारण तो चुकला की पुढचे सगळेच चुकते. मागच्या वर्षी जूनमध्ये गेलो होतो म्हणून यंदाही जूनच, असे धरून चालणारे लोक मी पाहिले आहेत. २०२४ साली आळंदीचे प्रस्थान २९ जूनला होते, २०२५ मध्ये ते दहा दिवस आधी आले आणि २०२६ साली ज्येष्ठच अधिक असल्याने आषाढी एकादशी थेट २५ जुलैवर गेली. रजा, रेल्वेचे आरक्षण आणि शेतीची कामे या तिन्हींची सांगड या सरकत्या तारखांशी घालावी लागते, म्हणून पंचांग घरात आल्याबरोबर प्रस्थान आणि एकादशी या दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात.

आम्ही अकोल्याचे. आमच्याकडून पुण्याला जायला गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची पडते. दुपारी बसले की दुसऱ्या दिवशी पहाटे पुणे स्टेशन येते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले आहे. हा बदल ध्यानात न घेतल्यामुळे आमच्या ओळखीतल्या काही जणांनी फेब्रुवारीत खिडकीवर हेलपाटे घातले. १६ जूनच्या गाडीचे आरक्षण १७ एप्रिलला सकाळी आठ वाजता उघडणार होते आणि त्या दिवशी मी सात वाजताच रांगेत उभी होते. सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद असल्यामुळे तिकीट मात्र पूर्ण दराचेच घ्यावे लागले. परतीचे आरक्षण मी मुद्दामच केले नाही, कारण पंढरपुराहून निघताना एसटीच्या जादा गाड्या असतात, महिलांना त्यांत अर्धे तिकीट लागते आणि एकादशीच्या गर्दीतून ठरलेल्या वेळी स्टेशनवर पोहोचण्याची खात्री कोणालाच देता येत नाही.

सोळा तारखेला निघायचे म्हणजे सतरा तारखेला, षष्ठीच्या सकाळी, आळंदीत पोहोचायचे. प्रस्थानाला दोन दिवस असताना एवढ्या लवकर कशाला, असे घरातल्या पुरुषांचे म्हणणे होते. मी ऐकले नाही आणि ते बरे झाले, कारण षष्ठीला आमची पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस थेट आळंदी गावात गेली, पण सप्तमीपासून वाहतूक वळवल्यामुळे आमच्याच दिंडीतल्या परभणीकडच्या बायकांना गावाबाहेर उतरून डोक्यावर गाठोडी घेऊन चालत यावे लागले. मोशी, चाकण, मरकळ, वडगाव घेनंद या सगळ्या बाजूंनी खाजगी वाहने गावाच्या अलीकडेच थांबवली जातात. चारचाकीने येणाऱ्यांनी तर गाडी पुण्यात ठेवूनच यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

राहण्याची सोय हा मात्र माझ्या सगळ्या तयारीतला कच्चा दुवा निघाला. एप्रिलमध्येच मी आळंदीतल्या एका लॉजला फोन केला होता. पलीकडच्या माणसाने नावे लिहून घेतली, "या माउली, खोली ठेवतो" असे सांगितले आणि आगाऊ पैसे मागितले नाहीत. आगाऊ पैसे न मागणे म्हणजे विश्वास, असा मी त्याचा अर्थ घेतला. ती माझी चूक झाली. षष्ठीला सकाळी आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा खोली दुसऱ्यांना दिलेली होती आणि दुसरी हवी असेल तर तिपटीने पैसे पडतील असे उत्तर मिळाले. रात्रभर गाडीत बसून आलेल्या सासूबाई पायरीवर टेकल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते गप्प बसणे मला फार लागले. म्हणून ज्यांना लॉजमध्येच राहायचे आहे त्यांनी थोडी का होईना रक्कम आधी भरून तिची पावती किंवा निदान मोबाइलवर लेखी निरोप घ्यावा, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

खरे तर आळंदीत उतरण्याची मुख्य सोय लॉज ही नव्हेच. या गावात वेगवेगळ्या समाजांनी, जिल्ह्यांनी आणि फडांनी, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरांनी, बांधलेल्या धर्मशाळा आणि मठ गल्लोगल्ली आहेत, गाडगेबाबांनी उभारलेली धर्मशाळा आहे, जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे आणि तिथे शिकून गेलेले कीर्तनकार महाराष्ट्रभर असल्यामुळे गावागावांतून आळंदीत कोणाची ना कोणाची ओळख निघतेच. फक्त प्रस्थानाच्या काळात या जागा आपापल्या दिंड्यांसाठी राखलेल्या असतात, त्यामुळे मोकळ्या माणसाने ऐनवेळी जाऊन विचारण्यात अर्थ नसतो. दिंडीच्या नावाने गेले तर जागा निघते. मी दिंडीचालकांना फोन केला. त्यांनी एका धर्मशाळेचे नाव सांगितले, "दुसऱ्या मजल्यावर आपली पाटी आहे, तिथे पडशी टाका" म्हणाले आणि तासाभरात आमचा प्रश्न मिटला. हा फोन मी एप्रिलमध्येच करायला हवा होता.

दिंडीत नाव नोंदवून भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चातला आमचा वाटा, भरली होती, पण भिशीत नेमके काय येते हे विचारायचे राहून गेले होते. आमच्या दिंडीत भिशी भरली की चहा, दोन वेळचे जेवण, राहुटीत जागा आणि ट्रकमध्ये सामान एवढे मिळते. मात्र जेवण सुरू होते ते प्रस्थानाच्या दिवसापासून, आणि त्याआधी आळंदीत राहणाऱ्याने आपले आपण पाहायचे असते. प्रत्येक दिंडीची रीत वेगळी असते. नाव देतानाच चार प्रश्न विचारून घ्यावेत: जेवण कोणत्या दिवसापासून मिळेल, आळंदीत उतरायचे कुठे, पुण्यातला मुक्काम कोणत्या जागी आहे आणि ट्रकचा नंबर काय. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हजारो ट्रकांच्या रांगेत आपला ट्रक नंबरावरूनच सापडतो. तो नंबर मी सासूबाईंच्या बटव्यात, माझ्या डायरीत आणि दोघींच्या ओळखपत्रांच्या मागे लिहून ठेवला होता.

धर्मशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांब हॉल होता. खांबांवर खडूने दिंड्यांचे क्रमांक लिहिलेले, फरशी नुकतीच पुसलेली, खिडकीच्या गजांना ओल्या साड्या बांधलेल्या. सासूबाईंनी सतरंजी पसरण्याआधी भिंतीपासून हाताने जागा मोजली, साडेतीन हात माझे आणि साडेतीन हात त्यांचे, आणि त्यापलीकडे आमची पिशवीसुद्धा जाऊ दिली नाही. संध्याकाळपर्यंत हॉल भरला. परभणीची एक म्हातारी भिजलेले गाठोडे घेऊन दारात उभी राहिली तेव्हा ती मोजलेली जागा सासूबाईंनीच आखडती घेतली आणि म्हणाल्या, "ये माय, इथं टेक." त्या रात्री आम्ही तिघी सात हातांत झोपलो.

बायकांनी उतरण्याची जागा ठरवताना पंखा, गादी, खिडकी हे सगळे नंतर पाहावे. आधी संडास किती आहेत, पाणी किती वाजता येते आणि न्हाणीघराला आतून कडी आहे का, हे विचारावे. हे लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिल्यानेच नव्याने येणाऱ्या बायकांची परवड होते. आमच्या मजल्यावर साठ-सत्तर बायका होत्या आणि न्हाणीघरे तीन. पहिल्या दिवशी आम्ही पाचला उठलो आणि सात वाजेपर्यंत रांगेत राहिलो. दुसऱ्या दिवशी तीनला उठलो आणि साडेतीनला मोकळ्या झालो. निर्मल वारी उपक्रमातील फिरती शौचालयेही गावात ठिकठिकाणी होती आणि त्यांचा मोठा आधार झाला. इंद्रायणीत स्नान करण्याची सासूबाईंची फार इच्छा होती, परंतु पावसाने नदी दुथडी भरून वाहत होती आणि घाटावर उतरू देत नव्हते. प्रस्थानाच्या चारच दिवस आधी वरच्या बाजूला कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून माणसे दगावली होती, त्यामुळे त्या मनाईविषयी कोणी तक्रार केली नाही. एकाने दोरी लावून कळशीभर पाणी काढून दिले, तेवढे सासूबाईंनी डोळ्यांना लावले.

षष्ठीच्या दुपारीच आम्ही समाधीचे दर्शन घेतले. रांग तेव्हाही काही तासांची होती, पण अष्टमीला ती लाभलीच नसती, कारण त्या दिवशी मंदिरात प्रवेश असतो तो मुख्यतः मानाच्या ४७ दिंड्यांना. महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीला हात लावताना मला सासऱ्यांची आठवण झाली. पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांविषयी ते नेहमी सांगत असत. सप्तमीला देहूचे प्रस्थान पाहून परत यावे असा बेत मी कागदावर मांडला होता. अंतर फारसे नाही. परंतु रस्ते बंद झाल्यावर जाऊन-येऊन दिवस मोडला असता आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना पुढे अठरा दिवस चालायचे होते, म्हणून तो बेत मी सोडला आणि त्याची खंत मला नाही. त्याऐवजी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी मजल मारत आळंदीत आले, त्यांचे दर्शन झाले. मिरवणूक पुढे सरकल्यावर सासूबाईंनी टापांखालची माती पदराच्या टोकाला बांधून घेतली.

सामान ट्रकमध्ये चढवायचे ते प्रस्थानाच्या दिवशी सकाळीच. मी दोघींसाठी दोन चांगल्या, चेनच्या काळ्या पिशव्या घेतल्या होत्या आणि त्यांवर नावाचे कागद चिकटवले होते. ट्रकवर उभ्या असलेल्या मुलाने त्या हातात घेतल्या आणि तो कळकळीने म्हणाला, "माउली, पावसात कागद राहत नाही, आणि काळ्या पिशव्या इथं दोनशे आहेत. मुक्कामाला पोचल्यावर रडाल." त्याने ऑइल पेंटचा डबा दिला, मी मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव लिहिले. सासूबाईंना तेवढ्याने भरवसा वाटेना. त्यांनी आपल्या एका जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि दोन्ही पिशव्यांच्या बंदांना घट्ट गाठी मारल्या. अंगाबरोबर ठेवायच्या झोळीत औषधे, आधार कार्ड, पाण्याची बाटली, मेणकापड, एक कोरडी साडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे एवढेच ठेवले.

त्या वर्षी गुरुवार, म्हणजे मंदिरातल्या माउलींच्या नेहमीच्या पालखीचा वार, असल्यामुळे प्रस्थानाला रात्र झाली. आम्ही मंदिरात नव्हतो; बाहेर गर्दीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो. कळसाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले होते, कारण कळस हलला की माउलींनी निघायला परवानगी दिली असे मानतात. टाळांचा आवाज एकाएकी वाढला, पुढच्या माणसांचे हात वर गेले आणि सासूबाई माझा दंड धरून टाचा वर करून उंच झाल्या. त्यांना काय दिसले ते मी विचारले नाही. पालखी आळंदीतच, माउलींच्या आजोळघरी पहिल्या मुक्कामाला गेली आणि आम्ही आमच्या सात हातांत परत आलो.

वीस तारखेला उजाडताच आळंदी सोडली. थोरल्या पादुका, दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी अशी ती वाट आहे. पहिल्या दिवसाच्या मानाने ती लांब आहे आणि सगळी डांबरी आहे. दोन रात्री पुरेशी झोप झाली होती म्हणून सासूबाई दर विसाव्याला बसल्या तरी कुठे मागे राहिल्या नाहीत. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात विसावते. आमच्या दिंडीचा मुक्काम तिथून जवळ एका शाळेत होता आणि त्याचा पत्ता आधीच लिहून घेतलेला असल्यामुळे अंधारातही विचारत फिरावे लागले नाही. शाळेच्या मैदानात ट्रकमधून उतरवलेल्या सामानाचा डोंगर झाला होता आणि बायका बॅटरीच्या उजेडात आपापली गाठोडी शोधत होत्या. सासूबाई दोन मिनिटे उभ्या राहिल्या, मग वाकून त्यांनी हिरवा काठ ओढला. त्या मागोमाग दोन्ही पिशव्या बाहेर आल्या.