पाषाणच्या अंगणातली नाशपाती

पुण्यात पाषाणच्या घरामागे सासऱ्यांनी लावलेलं एक झाड होतं. ते गेले आणि झाड कशाचं हे सांगणारं कुणी उरलं नाही. शेजारचे काका सफरचंद म्हणायचे, माळीदादा जंगली समजून तोडायला सांगायचे. फळ कधी धरलंच नव्हतं. मला ते नावानिशी ओळखायचं होतं.

पानांपासून सुरुवात केली. लांब देठ, काठाला बारीक दाते, दोन्ही बाजूंनी तुळतुळीत. सफरचंदाच्या पानाला खालून लव असते, इथं नव्हती. बुंध्याशी मात्र वेगळीच पानं: लहान, काही कातरलेली, फांदीला काटे. माती सरकवली तर जमिनीलगत कलमाच्या जोडाची गाठ सापडली. काटेरी फुटवे गाठीखालून, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाचे! उत्तरेत नाशपातीची कलमं कैंथ या हिमालयातल्या जंगली जातीवर बांधतात, तिचे कोवळे फुटवे असेच दिसतात. माळीदादांना जंगली वाटलं ते हेच. ते मुळाशी काढले, जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली.

नाशपातीच्या बहुतेक जातींना फुलण्याआधी 7 अंशांखालची थंडी शेकडो तास लागते. पुण्यात तेवढी पडत नाही, झाड नीट पानगळच करत नाही. मग अंजीर-पेरूचा बहार धरतात तसा ताण दिला. डिसेंबरात पाणी तोडलं, उरलेली पानं हातानं उतरवली, जानेवारीत आळ्यात शेणखत घालून भरपूर पाणी सोडलं. आखूड, गाठाळ फांद्यांना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, अजिबात लावला नाही. नाशपाती मुख्यतः त्यांच्यावरच फुलते, तीही वर्षानुवर्षं.

फेब्रुवारीत पांढरे गुच्छ आले. परागकोश जांभळट लाल, सफरचंदाचे पिवळे असतात. एक फूल ब्लेडनं उभं चिरलं. मधल्या नाजूक काड्या, म्हणजे कुक्षीवृंत, तळापर्यंत सुट्या होत्या. सफरचंदात त्या खाली जुळलेल्या असतात. माझ्यापुरती शंका मिटली. काकांनाही बोलावून दाखवलं, त्यांनी भिंग आणून पाहिलं.

फळं गोल, हिरवी, ठिपकेदार आणि टणक. टोकाचा निदलपुंज, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या पाकळ्या, गळून गेलेला, ही आशियाई नाशपातीची खूण. युरोपीय फळावर तो सहसा टिकतो. पंजाबच्या मैदानात होणाऱ्या, कमी थंडीवर भागवणाऱ्या पत्थरनाख या नाशपातीच्या जातीशी हे सगळं जुळतं. चव गोड, दाताखाली रवाळ.

फळं जरा लहान राहिली. पुढच्या बहाराला विरळणी करून एका गुच्छात एकदोनच ठेवणार आहे.